हकीम अजमल खान : विद्या ही अमानत

मुंबईच्या उपनगरांतील एखाद्या साध्या कुटुंबात लेकराला ताप भरला, तर ते कुटुंब प्रथम कोठे जाते, याचा आपण क्षणभर विचार करावा. वस्ती जोगेश्वरीच्या चढावरची असो, घाटकोपरच्या असल्फ्यातील असो, मालाडच्या मालवणीतील असो की मुलुंडच्या डोंगरपायथ्याची असो. कूपर, राजावाडी, भगवती ही मोठ्या रुग्णालयांची नावे आजार हाताबाहेर जाऊ लागल्यावरच ओठांवर येतात. त्याआधी आठवतो तो गल्लीच्या तोंडाशी लहानशा गाळ्यात बसणारा डॉक्टर. तो आपल्या आईचा रक्तदाब जाणतो, वडिलांचा जुना खोकला जाणतो, आणि या महिन्यात घरात काय कमाई झाली असेल याचाही त्याला अंदाज असतो. शासकीय कागदांत जिला प्राथमिक आरोग्यसेवा म्हणतात, ती आपल्यापैकी अनेकांसाठी या गाळ्यातच सुरू होते.

या दवाखान्यांच्या पाट्या वाचल्या, तर त्यांतील बऱ्याच पाट्यांवर बी.यू.एम.एस. ही अक्षरे दिसतात. ही युनानी वैद्यकाची पदवी होय. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, पूर्ण केल्यावर ती मिळते. आपल्या अंधेरीत, वर्सोव्याला अंजुमन-ए-इस्लामचे डॉ. मोहम्मद इसहाक जमखानवाला तिब्बिया युनानी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याला जोडून हाजी ए. आर. काळसेकर तिब्बिया रुग्णालय आहे. तेथे मुले-मुली शरीररचना शिकतात, नाडी पाहण्यास शिकतात आणि रुग्णापाशी उभे राहून उपचाराची रीत आत्मसात करतात. आज हे दृश्य आपल्याला नेहमीचे वाटते. परंतु जी हकिमी एके काळी बापाकडून मुलाकडे, घराच्या चार भिंतींआड जात असे, ती वर्गात, परीक्षेत आणि रुग्णालयात आली कशी? सामान्य माणसाच्या मुलाला आणि मुलीलाही तिचे दार कोणी उघडले? या प्रश्नांचा मागोवा घेताना ज्या एका नावाशी आपण थांबतो, ते नाव आहे मसीह-उल-मुल्क हकीम अजमल खान (रहमतुल्लाह अलैह).

शरीफ मंझिलची हवा

हकीम अजमल खान यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८६८ रोजी दिल्लीत झाला. बल्लीमारान भागातील शरीफ मंझिल हे त्यांचे घर. अठराव्या शतकातील नामांकित हकीम शरीफ खान यांच्या नावावरून हे घराणे शरीफी म्हणून ओळखले जाई. मोगल दरबाराचे वैद्य म्हणून या घराण्याचा लौकिक होता. १८५७ च्या प्रलयात दिल्ली उजाड झाली, तेव्हा पतियाळाच्या महाराजांनी आपल्या या हकिमांच्या घरावर पहारा बसविला आणि त्या पहाऱ्याच्या आडोशाने शेजारपाजारच्या अनेकांचे प्राण वाचले. हे त्यांच्या वडिलांच्या, हकीम महमूद खान यांच्या हयातीत घडले. अजमल खान अशा घरात वाढले, जेथे आपत्तीत दार बंद करावयाचे नसते हा संस्कार उपदेशाविना मुलांपर्यंत पोहोचत होता.

लहानपणी त्यांनी पवित्र कुरआन मुखोद्गत केला. अरबी आणि फारसीचे शिक्षण घेतले, आणि वैद्यकी आपल्या वडिलांकडून व थोरल्या बंधूंकडून घेतली. हे शिक्षण मतबमध्ये होत असे. मतब म्हणजे हकिमाची रुग्ण पाहण्याची बैठक. शिष्य उस्तादाच्या शेजारी बसे. उस्ताद नब्ज पाहत, प्रश्न विचारत आणि नुस्खा सांगत. शिष्य तो लिहून घेई. अशी वर्षे लोटली की त्याची नजर तयार होई.

या पद्धतीत एक मोठा गुण होता. शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून जिवंत रुग्ण दिसत असे, आणि त्यात गरीबही असत, कारण शरीफी घराण्यात दिल्लीच्या रुग्णांकडून फी न घेण्याची रीत होती. मात्र तिच्यात एक उणीवही होती. उस्तादाला जे ठाऊक तेवढेच शिष्याला मिळे. घराण्याचे खास नुस्खे वहीत बंद राहत. ज्याचा बाप हकीम नाही, त्याला या बैठकीत जागा मिळणे अवघड होते. आणि स्त्रियांना तर ती नव्हतीच. हकीम साहेबांच्या पुढील आयुष्याकडे आपण पाहिले, तर हा गुण राखून ही उणीव दूर करण्याचाच तो प्रयत्न होता असे दिसून येईल.

रामपूरचे दिवस आणि मुंबईचा ताऊन

१८९२ मध्ये ते रामपूरच्या नवाबांचे मुख्य वैद्य झाले आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहिले. रामपूरच्या प्रख्यात ग्रंथालयाची देखरेखही त्यांच्याकडे होती. हस्तलिखितांच्या सहवासात त्यांनी जुन्या वैद्यकाचा कसून अभ्यास केला. इस्लामी जगतात वैद्यकीय शिक्षणाची किती सुरेख परंपरा होऊन गेली, हे त्या ग्रंथांतून उलगडते. दहाव्या शतकाच्या आरंभी अबू बक्र मुहम्मद बिन जकरिया राझी हे बगदाद व रय येथील रुग्णालयांत शिकवत असत. रुग्ण आला की आधी नवखे विद्यार्थी त्याला पाहत, त्यांना उमगले नाही तर अनुभवी शिष्य पाहत, आणि शेवटी स्वतः राझी लक्ष घालत. ज्यांना वैद्य मिळूच शकत नाही अशा लोकांसाठी घरगुती व सहज मिळणाऱ्या औषधांचा एक स्वतंत्र ग्रंथही त्यांनी लिहिला. हजार वर्षांपूर्वी एका मोठ्या वैद्याने वैद्यापासून वंचित असलेल्या माणसाला आपल्या विद्येचा हक्कदार मानले होते, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी.

याच काळात, १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला. लोक घरेदारे टाकून उत्तरेकडे, साष्टीच्या गावांकडे धावले. आज जी उपनगरे माणसांनी गजबजली आहेत, त्यांच्या वाढीत त्या पळापळीचाही वाटा आहे. पुढे ही साथ देशभर पसरली. हकीम अजमल खान यांनी ताऊनवर, म्हणजे प्लेगवर, एक रिसाला लिहिला. एका रुग्णाची नब्ज पाहणे आणि हजारो लोकांच्या आरोग्याचा विचार करणे ही दोन वेगळी कामे आहेत. दरबारी वैद्य असतानाच ते या दुसऱ्या कामाकडे वळू लागले होते.

शाळेची जबाबदारी

त्यांचे थोरले बंधू हकीम अब्दुल मजीद खान यांनी १८८९ मध्ये दिल्लीत मदरसा तिब्बिया सुरू केला होता. ठरावीक अभ्यासक्रम, वर्ग आणि परीक्षा असलेली हकिमीची ही शाळा होती. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढे दुसरे बंधूही अल्लाहला प्यारे झाले. रामपूरहून परतलेल्या अजमल खान यांच्या खांद्यावर घराण्याचे मतब आणि मदरसा या दोहोंचा भार आला. मतबने त्यांना नाव व पैसा दिलाच असता. मदरसा मात्र दोन्ही खाणारा होता. तरीही आपल्या उमेदीची वर्षे त्यांनी मदरशाला दिली.

त्यांच्या पुढे पहिला प्रश्न औषधांचा होता. बाजारातील जडीबुटी भेसळीची असे आणि शिकून बाहेर पडलेल्या हकिमाला विश्वासाचे औषध मिळत नसे. म्हणून त्यांनी हिंदुस्तानी दवाखाना या नावाने औषधे तयार करणारी संस्था उभारली. घराण्याचे अनुभवसिद्ध नुस्खे तेथे उपयोगात आणले आणि पुढे या दवाखान्याचे उत्पन्न त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी लावून दिले. वाडवडिलांची जी कमाई आपल्या मुलाबाळांना पुरली असती, ती त्यांनी परक्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी मोकळी केली.

दाईंसाठी शाळा

१९०९ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी तिब्बी शाळा काढली. तिचा मुख्य हेतू दाईंना प्रशिक्षण देणे हा होता.

या निर्णयाचे मोल जाणण्यासाठी त्या काळचे घर डोळ्यांपुढे आणावे लागेल. बाळंतपण घरातच होई. परपुरुष वैद्याला जनान्यात प्रवेश नसे आणि स्त्री डॉक्टर तर शहरातही विरळाच. गरीब असो वा श्रीमंत, प्रसूतीच्या वेळी स्त्रीचा जीव दाईच्या हाती असे. त्या दाईचा हात सरावलेला असला, तरी स्वच्छता, रक्तस्राव, अडलेले बाळंतपण यांविषयी तिला कोणी काही शिकविले नव्हते. शिकलेले लोक दाईंना नावे ठेवत. हकीम साहेबांनी दाईला नावे ठेवण्याऐवजी तिला विद्यार्थिनी मानले. जेथे डॉक्टर जात नाही, तेथे जी व्यक्ती आधीच जाते आहे, तिलाच शिकवून तयार करावे, हा विचार पुढे जगभर आरोग्यसेवेचा पाया ठरला. आपल्या वस्तीत घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्त्या आपण पाहतो, तेव्हा या विचाराची आठवण ठेवण्यासारखी आहे.

मुंबईतून आलेला प्रश्न

१९१० च्या सुमारास मुंबई इलाख्यात वैद्यकीय व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा करण्याची हालचाल सुरू झाली. १९१२ मध्ये तो कायदा झालाही. पाश्चात्त्य वैद्यकाची मान्य पदवी असलेल्यांचीच नोंद व्हावी, असे त्याचे स्वरूप होते. हकीम आणि वैद्य सरकारदरबारी नोंदणीबाहेरचे ठरणार होते. मूठभर पदवीधर डॉक्टर मोठ्या शहरांत असत. गावोगावच्या आणि गल्लीबोळांतल्या जनतेला जे उपचार मिळत, ते बहुतांशी हकीम-वैद्यांकडूनच.

हकीम अजमल खान यांनी १९१० मध्ये दिल्लीत अखिल भारतीय वैदिक व युनानी तिब्बी परिषद उभी केली. हकीम व वैद्य, मुस्लिम व हिंदू एका मंचावर आले. सरकारच्या धोरणाला त्यांनी विरोध केला. परंतु येथेच त्यांचे वेगळेपण दिसून येते. कायद्याच्या मागे एक खरा प्रश्न आहे, हे त्यांनी नाकारले नाही. चार नुस्खे पाठ करून हकीम म्हणवून घेणारे लोक त्या काळीही होते. आमच्यावर अन्याय होतो आहे एवढे म्हणून थांबणे त्यांना पटले नाही. आपल्या हकिमांना शरीररचना नीट आली पाहिजे, शस्त्रक्रियेची ओळख असली पाहिजे, त्यांची परीक्षा झाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक शिकवण आपण जाणता. वैद्यकीचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो झालेल्या हानीस जबाबदार धरला जातो, असा तिचा आशय आहे. चांगल्या हेतूने केलेली चूकही रुग्णाचा जीव घेऊ शकते. म्हणून हेतूबरोबर ज्ञानाचीही अट घातली गेली. हकीम साहेबांच्या सर्व धडपडीत हा दंडक जागा होता असे आपल्याला दिसेल.

या आग्रहामुळे त्यांच्यावर दोन्हीकडून टीका झाली. सरकारी डॉक्टरांच्या लेखी हकिमी जुनाट होती. दुसरीकडे लखनौच्या अझीझी घराण्यासारखे परंपरेचे कडवे अभिमानी होते. त्यांनी १९०२ मध्ये तकमील-उत-तिब ही स्वतःची संस्था काढली होती, आणि युनानीत पाश्चात्त्य वैद्यकाची सरमिसळ त्यांना मान्य नव्हती. हकीम साहेबांनी दोघांशीही सौजन्याने मतभेद राखला आणि आपले काम सोडले नाही.

या कथेचा उत्तरार्ध आपल्या मुंबईतच घडला. ज्या इलाख्याने १९१२ मध्ये हकीम-वैद्यांना बाहेर ठेवले, त्याच इलाख्याने १९३८ मध्ये मुंबई वैद्यक व्यवसायी अधिनियम करून त्यांच्या नोंदणीची सोय केली. आज महाराष्ट्रात युनानी व आयुर्वेदाच्या पदवीधरांची नोंद १९६१ च्या अधिनियमानुसार होते. हे पाहण्यास हकीम साहेब हयात नव्हते; पण ज्या शिक्षणाच्या बळावर ही मान्यता टिकते, त्याची पायाभरणी करणाऱ्यांत ते अग्रभागी होते.

युरोपातील रुग्णालये

१९११ मध्ये ते युरोपला गेले. लंडन, पॅरिस आणि बर्लिन येथील रुग्णालये व वैद्यकीय शिक्षणसंस्था त्यांनी पाहिल्या. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात त्यांना एक तरुण भारतीय शल्यचिकित्सक भेटले. ते म्हणजे डॉ. मुख्तार अहमद अन्सारी. ही मैत्री जन्मभर टिकली. एक युनानीचा धुरंधर, दुसरा पाश्चात्त्य शस्त्रक्रियेत निष्णात; तरीही दिल्लीत आणि राष्ट्रकार्यात दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले. आपल्या पद्धतीवर निष्ठा असणे आणि दुसऱ्या पद्धतीचा आदर करणे या दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदू शकतात, याचे हे उदाहरण होय.

मोठे रुग्णालय आणि वैद्यकीय शाळा एकमेकांना जोडलेली असावीत, विद्यार्थी पुस्तकाबरोबर रुग्णही रोज पाहत राहावा, ही व्यवस्था त्यांना तेथे सुसंघटित रूपात दिसली. मतबचा गुण आणि रुग्णालयाची शिस्त यांचा मेळ घालण्याचा निश्चय घेऊन ते परतले.

करोल बागचे महाविद्यालय

२९ मार्च १९१६ रोजी दिल्लीत करोल बाग येथे आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालयाची कोनशिला व्हाईसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते बसविली गेली. पाच वर्षांनी, १३ फेब्रुवारी १९२१ रोजी, त्याचे उद्घाटन महात्मा गांधींनी केले. या दोन तारखांच्या दरम्यान देशाचे मन किती पालटले होते, हे यावरूनच ध्यानात येते. विशेष म्हणजे उद्घाटनाच्या भाषणात गांधीजींनी नुसती स्तुती केली नाही. पाश्चात्त्य वैज्ञानिकांची संशोधनाची चिकाटी वैद्य-हकिमांनी अंगी बाणवावी, असे त्यांनी परखडपणे सुनावले. हे ऐकणे यजमानांना जड गेले नसावे, कारण संशोधनाची ही गरज त्यांनी स्वतः ओळखली होती.

या महाविद्यालयात युनानी आणि आयुर्वेद हे दोन्ही विभाग एका छताखाली होते. शरीररचना, शरीरक्रिया आणि शस्त्रक्रिया यांचे नवे ज्ञानही शिकविले जाई. शिक्षण देशी भाषेतून होते, त्यामुळे इंग्रजी न येणाऱ्या घरातील हुशार मुलालाही तेथे दार उघडे होते. रुग्णालय जोडलेले होते आणि स्त्रियांचा विभागही होता. रुग्णाची भाषा ज्या वैद्याला येते, त्याला अर्धा आजार बोलण्यातूनच कळतो. आपल्या उपनगरांतील डॉक्टरला मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषांत रुग्णाचे दुखणे ऐकून घ्यावे लागते. म्हणून हा मुद्दा आपल्याला सहज समजेल.

पैसा कोठून आला आणि कोठे गेला

हकीम साहेबांना दिल्लीबाहेर राजेरजवाडे बोलावीत, तेव्हा त्यांची फी दिवसाला एक हजार रुपये असे. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. दिल्लीत मात्र घराण्याच्या रीतीप्रमाणे रुग्णांना मोफत पाहिले जाई. श्रीमंताकडून पुरेपूर घ्यावे आणि त्यातून गरिबाची व विद्यार्थ्याची सोय करावी, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी संपत्तीचा तिटकारा केला नाही, पण ती आपल्यापाशी साठूही दिली नाही.

हाच हिशेब त्यांनी जामिया मिल्लिया इस्लामियाबाबत केला. १९२० मध्ये अलीगढला स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे ते पहिले कुलपती होते. खिलाफत चळवळ ओसरली तेव्हा देणग्या आटल्या आणि जामिया बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी ते दिल्लीला, करोल बागेत, आणले आणि त्याचा खर्च बराच काळ स्वतःच्या खिशातून चालविला.

सरकारने त्यांना हाजिक-उल-मुल्क हा किताब दिला होता. १९२० मध्ये असहकाराच्या दिवसांत त्यांनी तो परत केला. मग लोकांनी त्यांना मसीह-उल-मुल्क म्हणण्यास सुरुवात केली. १९२१ च्या डिसेंबरमध्ये अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनाचे नियोजित अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात होते. त्यांच्या जागी हकीम साहेबांनी अध्यक्षपद भूषविले. त्यांच्या राजकीय जीवनावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. येथे एवढेच पाहावे की या धामधुमीतही त्यांचे मतब आणि महाविद्यालय सुटले नाही.

मृत्यूनंतर उगवलेले बीज

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी एका तरुण रसायनशास्त्रज्ञाला हेरले. जर्मनीत शिकलेले सलीमुज्जमान सिद्दीकी हे ते तरुण. युनानी जडीबुटींची नव्या रसायनशास्त्राच्या कसोटीवर पारख व्हावी, यासाठी तिब्बिया महाविद्यालयात संशोधन विभाग उभारण्याचे काम त्यांनी सिद्दीकींवर सोपविले. तो विभाग आकाराला येण्यापूर्वीच, २९ डिसेंबर १९२७ रोजी, हृदयविकाराने हकीम साहेबांचे निधन झाले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

सिद्दीकींनी काम पुढे नेले. १९३१ मध्ये त्यांनी सर्पगंधेच्या मुळांतून एक द्रव्य वेगळे केले आणि आपल्या उपकारकर्त्याच्या स्मरणार्थ त्याला अजमलीन हे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांचा एक धोकादायक दोष, ज्याला ब्रुगाडा सिंड्रोम म्हणतात, तो ओळखण्याच्या चाचणीत जगातील हृदयरोगतज्ज्ञ आजही हे द्रव्य वापरतात. ११ फेब्रुवारी हा त्यांचा जन्मदिवस आपल्या देशात युनानी दिन म्हणून पाळला जातो.

आपल्यापुढील प्रश्न

वाचकहो, थोरांची चरित्रे आपण वाचतो आणि मिटून ठेवतो. हे चरित्र मात्र आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचते.

आपला मुलगा किंवा मुलगी नीट परीक्षा देऊन युनानी, आयुर्वेद, होमिओपॅथी वा एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमाला लागली, की घरात आनंद होतो, आणि तो व्हावाही. परंतु त्या दिवशी एक प्रश्न घरात विचारला जावा : शिकून झाल्यावर हे मूल कोठे बसणार? मोठ्या रस्त्यावर काचेच्या दवाखान्यात बसणाऱ्यांची उणीव नाही. गोवंडीच्या शिवाजीनगरात, मालवणीत किंवा कुर्ल्याच्या आतल्या गल्लीत मन लावून बसणारा प्रशिक्षित डॉक्टर अजूनही हवा आहे. आंतरवासितेच्या काळात विद्यार्थ्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करण्याची संधी मिळते. ती सहीपुरती उरकणे हा रुग्णांचा आणि स्वतःच्या शिक्षणाचाही अपमान आहे. के.ई.एम. रुग्णालयाच्या महाविद्यालयाचे विद्यार्थी मालवणीतील नागरी आरोग्य केंद्रात शिकावयास येतात आणि शीव रुग्णालयाचे विद्यार्थी धारावीत येतात, ते याचसाठी. घराची उंची, खिडकीचा अभाव आणि एका खोलीतील आठ माणसे पाहिल्याशिवाय क्षयरोगाचा अर्धा धडा कळत नाही.

दुसरी गोष्ट मुलींची. आज युनानी महाविद्यालयांत मुलींची संख्या मोठी आहे. हकीम साहेबांनी शतकापूर्वी दाईंसाठी जे दार उघडले, त्याचे हे सुंदर फळ आहे. परंतु लग्नानंतर कित्येक पदव्या भिंतीवर चौकटीत टांगल्या जातात आणि वस्तीतील स्त्रिया आपले दुखणे अंगावर काढीत राहतात. सून डॉक्टर हवी असे म्हणणाऱ्या कुटुंबाने ती रोज दोन तास का होईना दवाखान्यात बसेल, अशी व्यवस्था करणेही आपले कर्तव्य मानावे. तिची विद्या ही अमानत आहे. ती अमानत तिच्या एकटीची नाही, आणि तिच्या सासरची तर मुळीच नाही. ती त्या स्त्रियांची आहे, ज्या पुरुष डॉक्टरसमोर बोलू शकत नाहीत.

तिसरी गोष्ट डॉक्टरांसाठी. वस्तीतील डॉक्टरचे खरे कौशल्य आपली मर्यादा ओळखण्यात आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर बाटलीभर काढा वा अँटिबायोटिकची आणखी एक पुडी देऊन रुग्णाला परत पाठवू नये. थुंकीची तपासणी करण्यासाठी त्याला महानगरपालिकेच्या केंद्रात पाठवावे. ती तपासणी व क्षयरोगाचे औषध तेथे विनामूल्य मिळते. गरोदर स्त्रीचा रक्तदाब वाढलेला दिसला, तर त्याच दिवशी तिला रुग्णालयाची वाट दाखवावी. रुग्ण हातचा जाईल या भीतीने त्याला अडवून ठेवणारा डॉक्टर, मग त्याची पदवी कोणतीही असो, अमानतीत खयानत करतो. हकीम साहेब डॉ. अन्सारींच्या शल्यचिकित्सेचा मान राखत होते. आपल्यालाही राजावाडी वा कूपरची चिठ्ठी लिहिण्यात कमीपणा वाटू नये.

शेवटची गोष्ट आपणा सर्वांसाठी. स्वस्तात सुई टोचणारा जो कोणी असेल, त्याच्याकडे आपण जातो, म्हणूनच बोगस डॉक्टरचे दुकान चालते. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारणे हा उद्धटपणा नाही. आपल्या दीनने ज्ञानाची जी अट वैद्याला घातली आहे, तिची विचारणा करणे हा रुग्णाचा अधिकार होय.

एक जीव वाचविणे हे सबंध मानवजातीला वाचविण्यासारखे आहे, ही कुरआनची शिकवण आपण मशिदीत ऐकतो. हकीम अजमल खान यांनी तिचा अर्थ असा लावला की जीव वाचविणारी माणसे घडविणे हेही त्याच पुण्यकर्मात येते, आणि ती माणसे कोणा एका घराण्याची, एका धर्माची किंवा एका वर्गाची असू नयेत. वर्सोव्यात शिकणारी आपली मुले-मुली याच वारशाचे वारस आहेत. हा वारसा ती कोणत्या गल्लीत घेऊन जातात, यावर आपली परीक्षा ठरणार आहे.

अल्लाह हकीम साहेबांच्या कार्याचा स्वीकार करो, आपल्या लेकरांना लाभदायक ज्ञान देवो, आणि ते ज्ञान गरजवंताच्या दारापर्यंत नेण्याची तौफीक आपणा सर्वांना देवो. आमीन.